कपाळ कोरे, सातबारा तोच

बाप्तिस्म्याच्या आधी जे वर्ग होतात, त्यांत सोडायच्या गोष्टींची यादी शिकवणाऱ्यालाही तोंडपाठ असते. कुंकू, गंडादोरा, कुलदैवताची जत्रा, दारू, तंबाखू, सिनेमा. काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सोन्याचे दागिने, काहींत टीव्हीसुद्धा. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, बदलला की यादी थोडी लांबते किंवा आखडते. पण बापाच्या जमिनीतला बहिणीचा वाटा गिळायचा नाही, आणि सोयरीक जमवताना जात विचारायची नाही, या दोन गोष्टी त्या यादीत सहसा सापडत नाहीत.

ख्रिस्ती माणसाने जगापासून वेगळे राहावे ही शिकवण जुनाट झाली, आता ती सोडून द्या, असे सांगणारे पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्या बाजूचा नाही. मराठी ख्रिस्ती समाज पुरेसा वेगळा राहत नाही, अशी आमची तक्रार आहे. दिसण्यात तो वेगळा झाला. देण्याघेण्यात, वाटणीत आणि लग्नाच्या बैठकीत तो शेजाऱ्यासारखाच राहिला. 'जगिक', म्हणजे ऐहिक, हा शब्द आपण कपड्यालत्त्यावर खर्चून टाकला आणि पैशाची, जमिनीची वेळ आली तेव्हा तो शिल्लकच नव्हता.

शास्त्रात 'वेगळे व्हा' ही आज्ञा आहेच. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातले 'त्यांच्यामधून निघा व वेगळे व्हा' हे वचन प्रत्येक उपदेशकाला पाठ असते. पण त्याच करिंथकरांना पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, पौल खुलासा करतो की जारकर्म्यांशी संगत नको म्हटले ते बाहेरच्या जगाबद्दल नव्हे. तसे असते तर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागले असते. त्याचा रोख मंडळीत बसून लोभ आणि लबाडी करणाऱ्यांवर आहे. योहानाच्या सतराव्या अध्यायातली प्रभूची प्रार्थनाही तेच मागते: यांना जगातून काढून घे असे नाही, वाइटापासून राख.

दानीएलाचे उदाहरण आपण मुलांना शब्बाथशाळेत सांगतो, पण अर्धेच. बाबेलमध्ये त्याने काय नाकारले हे सांगतो: राजाचे अन्न आणि द्राक्षारस. दहा दिवस डाळ-भाजी आणि पाणी, मग तोंडावळा तपासून पाहा, अशी रीतसर परीक्षाही त्याने सुचवली. त्याने काय स्वीकारले ते मात्र आपण सांगत नाही. खास्द्यांची भाषा आणि विद्या तो शिकला, राजाची चाकरी त्याने पत्करली, आणि बेलटशस्सर हे नावही चालवून घेतले, जे आपल्या देवाच्या नावावरून ठेवले असे बाबेलचा राजाच म्हणतो. रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल ज्यांना सलाम पाठवतो त्यांत एकाचे नाव हर्मेस आहे, म्हणजे चक्क एका ग्रीक देवाचे. नाव बदलून ये, असे पौलाने त्याला सांगितल्याचे कुठेही लिहिलेले नाही.

तिसऱ्या शतकाच्या आसपासचा, रोममधल्या हिप्पोलितसच्या नावावर चालत आलेला मंडळीचा एक नियमसंग्रह आहे. बाप्तिस्मा मागायला येणाऱ्याची चौकशी कशी करावी, हे त्यात लिहिले आहे. त्यात भर पोशाखावर नाही, धंद्यावर आहे. वेश्यागृह चालवणाऱ्याने तो धंदा सोडावा नाहीतर परत जावे. ग्लॅडिएटर, रथांच्या शर्यतीत उतरणारा, मूर्तिपूजेचा पुजारी, यांनाही तेच. शिपायाने माणूस मारू नये, हुकूम झाला तरी. मूर्ती घडवणाऱ्याने त्या घडवणे थांबवावे. मुलांना शिकवणारा मास्तर आला तर? तेव्हाच्या शाळेत होमर शिकवायचा म्हणजे देवदेवतांच्या कथा आल्याच. नियम म्हणतो, त्याने थांबलेले बरे, पण दुसरे काही येत नसेल तर चालू द्यावे. यानंतर तीन वर्षे शिक्षण, आणि बाप्तिस्म्याच्या तोंडावर पुन्हा चौकशी: या काळात विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का. कडकपणा कुठे आणि सवलत कुठे, याचे इतके स्वच्छ भान आजच्या आपल्या वर्गांत दिसत नाही.

आपल्याकडे हे भान कसे सुटले, त्याचा एक नमुना गोव्यात आहे. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, तिथे १५६० मध्ये आले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयच्या फर्मानाने स्थानिक भाषेवर गदा आणली, आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने ख्रिस्त्यांनी काय करू नये याचे लांबलचक जाहीरनामापत्र काढले. दारात तुळस नको. पुरुषाने धोतर नेसू नये, बाईने चोळी घालू नये. लग्नात ओव्या गाऊ नयेत. भात मीठ घातल्याशिवाय शिजवू नये, कारण हिंदू तसा शिजवतात! चुलीवरच्या भातात मीठ पडले की नाही हे बघणाऱ्या त्याच व्यवस्थेत ख्रिस्ती बामण, चार्दो आणि सुदिर या जाती मात्र सुखाने नांदत राहिल्या. गावोगावच्या कोंफ्रारियांत, म्हणजे चर्चच्या बंधुसंघांत, सभासद कोण आणि फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, मान कोणाचा, हे जातीवर ठरत राहिले. तुळस गेली, जात राहिली. वेगळेपणाची जागा चुकली की काय होते, हे समजायला यापेक्षा जास्त पुरावा लागू नये.

उलट्या टोकालाही हीच गत झाली. मदुराईत रॉबर्ट द नोबिली या जेझुइट संघाच्या धर्मगुरूने जानवे, शेंडी, गंध, स्नान हे सगळे ख्रिस्ती ब्राह्मणाला ठेवू द्यावे असा आग्रह धरला आणि १६२३ मध्ये रोमने त्याला मान्यता दिली. संस्कृती स्वीकारली, ठीक. पण तिच्याबरोबर उच्चवर्णीयांसाठी वेगळा आणि इतरांसाठी वेगळा धर्मोपदेशक हेही आले. म्हणजे एकाने पोशाख झिडकारला आणि दुसऱ्याने स्वीकारला, पण जात दोघांच्याही हातून सुटली नाही. पोशाखाचा प्रश्न मुळात तितका महत्त्वाचा नव्हता, हे दोघांकडे पाहिल्यावर कळते.

महाराष्ट्रात याहून शहाणी माणसे झाली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्या शाकाहारी राहिल्या, पांढरे लुगडे नेसत राहिल्या, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी तिथल्या सिस्टरांशी घातला. हे जातीचे खूळ आहे अशी शंका त्या सिस्टरांना होती. पण केडगावच्या मुक्ति सदनात त्यांनी कोणाला जवळ केले ते पाहावे: केशवपन झालेल्या बालविधवा, दुष्काळातल्या पोरक्या मुली, जिला घरचेही दारात उभे करणार नाहीत अशी बाई. जगापासून त्या तुटल्या त्या या ठिकाणी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी अभंग आणि भजन सोडले नाही, आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा मांडला. अहमदनगरात ख्रिस्ती कीर्तन त्याच्याही आधी उभे राहिले होते. त्याहून मागे जायचे तर फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापले ते मराठी ओवीतच. यातला कोणीही ओवी-अभंगामुळे 'जगिक' झाला नाही.

आता कडक वेगळेपणाच्या बाजूने जे खरोखर वजनदार आहे, ते मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात ज्याने बाप्तिस्मा घेतला, त्याचे घर, विहीर, बायको, वारसा एका दिवसात तुटले. परत ओढून नेणारी शंभर माणसे होती. अशा वेळी डोळ्यांना दिसणारी रेघ उपयोगी पडते. व्यसन सोडणारा पहिल्या वर्षी मित्रांच्या बैठकीलाच जात नाही, तसे. कुंकवाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, ती पाळकही सांगत नाहीत. कुंकू हे सवाष्णीचे लेणे, म्हणजे विधवेला त्याची बंदी. ज्या मंडळीत कोणीच कुंकू लावत नाही, तिथे नवरा असलेली आणि नवरा गेलेली एकाच बाकावर सारखीच दिसतात. हे वेगळेपण अर्थपूर्ण आहे, आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. पण मग त्याच घरात मुलीच्या हळदीला पाच सवाष्णी शोधल्या जातात आणि विधवा मावशीला मागच्या खोलीत बसवले जाते, तेव्हा कोऱ्या कपाळाचा उपयोग काय झाला?

जमिनीचा विषय यादीत सर्वांत वर हवा, म्हणून तो सविस्तर घेऊ.

मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात पत्नी आणि मुले मागे असतील तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान. मुलीचे लग्न झाले आहे की नाही याने फरक पडत नाही. मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित याचाही प्रश्न नाही, कारण जन्मतःच हिस्सा मिळतो असे एकत्र कुटुंब ख्रिस्ती कायद्यात नाहीच. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडले. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला होता. म्हणजे या एका बाबतीत कायद्यानेच आपल्याला कितीतरी दशके आधी 'वेगळे' करून ठेवले होते. आपणच ते वेगळेपण हक्कसोडपत्रावर सही घेऊन परत केले.

हिशेब मांडू. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. मागे विधवा, दोन मुलगे, दोन मुली. विधवेचे ४० गुंठे. उरलेले ८० चार भावंडांत, प्रत्येकी २०. पुढे आई मृत्युपत्र न करता गेली की तिचे ४० पुन्हा चौघांत, प्रत्येकी १०. म्हणजे शेवटी प्रत्येक मुलीचे ३० गुंठे. प्रत्यक्षात घडते ते असे. पहिली चूक वारसनोंदीच्या अर्जात होते: वारसांच्या यादीत मुलींची नावेच नसतात, 'त्या दिल्या घरी सुखी आहेत' म्हणून. दुसरी चूक नोंदीत होते: नावे येतात, पण कब्जेदार सदरी न येता 'इतर हक्क' या रकान्यात टाकली जातात, आणि विकताना त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. तिसरी जुनी खोड म्हणजे थोरल्या भावाचे एकट्याचे नाव 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून लावणे. ख्रिस्ती घराला हा प्रकार मुळात लागूच नाही, तरी जुन्या उताऱ्यांवर तो सापडतो. आणि सगळे नीट झालेच, तर बहिणींना निबंधक कार्यालयात नेऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घेतात. स्मरणसभा झालेली असते, सगळे आधीच गावात जमलेले असतात, जेवणावळही उरकलेली असते. सही मागायला याहून सोयीची वेळ नाही. नाही म्हटले तर माहेर तुटते, हे भावाला आणि बहिणीला दोघांनाही माहीत असते. एकदा नोंदणी झालेले हक्कसोडपत्र फिरवायचे तर दिवाणी दावा लावून फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावे लागते. भावावर दावा लावणारी बहीण हजारात एखादी.

'पण ती खुशीने सही करते.' करत असेलही. खुशी तपासायची सोपी रीत आहे. आधी तिचे नाव सातबाऱ्यावर लागू द्या. एक वर्ष जाऊ द्या. तिच्या हिश्श्याचा बाजारभावाने आकडा काढून लेखी तिच्या हाती द्या. तिच्या ओळखीच्या, भावांच्या नात्यात नसलेल्या वकिलाला कागद वाचू द्या. त्यानंतरही तिने सोडले तर ते खरे दान.

'तुकडे पडले तर शेती परवडणार नाही' हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर बहिणीला वगळणे हे नव्हे. नावे सगळ्यांची ठेवावीत, वहिवाट एकाकडे द्यावी, आणि दरवर्षीचा खंड हिश्श्याप्रमाणे वाटावा. किंवा भावाने बहिणीचा हिस्सा रेडीरेकनरपेक्षा कमी नाही अशा दराने विकत घ्यावा, तीन ते पाच हप्त्यांत, बँकेतून. रोखीने 'वरचे' देण्याघेण्याची सवय इथेच मोडावी. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. ज्या घरात सिगारेट ओढणे पाप, त्या घरात खरेदीखतावर खोटी किंमत लिहिणे हुशारी कशी ठरते, हे कोणी समजावून सांगावे.

गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असे परमेश्वर म्हणतो. त्यांना भाऊ नव्हता, हे खरे. आपला कायदा त्यापुढे गेला आहे. उपदेशाला हा अध्याय कितीदा घेतला जातो, ते प्रत्येकाने आपल्या मंडळीत मोजून पाहावे.

लग्नाचे थोडक्यात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहविधी सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यान लावायचा, असे सर्वसाधारणपणे सांगितले आहे. विधी तासाभराचा. खर्च होतो तो सातनंतर: लॉन, डीजे, स्टेज, सहाशे पाने, आणि जिथे चालते तिथे दारू. पाच लाखांचे कर्ज बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ११,१२२ रुपये, एकूण फेड ६ लाख ६७ हजारांच्या वर. सावकाराकडून शेकडा तीनने घेतले तर महिन्याला १५,००० फक्त व्याज, मुद्दल आहे तिथेच. तीस हजार पगाराच्या माणसाचा दशांश तीन हजार होतो. म्हणजे एका संध्याकाळच्या कौतुकासाठी तो पाच वर्षे देवाच्या वाट्याच्या जवळजवळ चौपट बँकेला देतो. दागिने न घालणाऱ्या काही मंडळ्यांतही 'मुलीला काय देणार' हा प्रश्न बैठकीत निघतोच; अंगावर न दिसणारे सोने ठेवपावतीत दिसते. हुंडाबंदी कायदा १९६१ चा आहे. लग्नाआधी तीन रविवार जेव्हा नावे पुकारली जातात, त्याच आठवड्यांत पाळकाने दोन्ही घरांकडून एका कागदावर तीन आकडे घ्यावेत: एकूण खर्च, त्यातले कर्ज, आणि एका घराकडून दुसऱ्याला जाणारी रक्कम. तिसरा आकडा शून्य नसेल तर पुकार थांबवावी. पाळकाला हा अधिकार नाही असे वाटत असेल, तर वधूने दंडावर तावीज बांधला आहे म्हणून तो लग्न अडवू शकतो तेव्हा अधिकार कुठून येतो?

सणांच्या बाबतीत उलट स्थिती आहे. तिथे आपण उगाच जास्त घाबरतो. पौलाने करिंथकरांना दिलेला नियम पुण्या-मुंबईच्या चाळीत जसाच्या तसा चालतो. बाजारात मिळते ते खा, चौकशी करू नका. कोणी जेवायला बोलावले तर पानात येईल ते खा. पण 'हा नैवेद्य आहे' असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्याच्या मनासाठी थांबा. म्हणजे शेजारच्या घरी गणपतीत जेवायला गेलो आणि पानात मोदक आला तर खावा. आरतीनंतर हातावर प्रसाद म्हणून ठेवला तर हसून 'आमच्यात घेत नाहीत, पण जेवायला बसतो' एवढे सांगावे, मूर्तिपूजेवर प्रवचन देऊ नये. जाताना हार-नारळ न्यायचा नाही, फळे किंवा मिठाईचा पुडा न्यायचा. तीळगूळ ही शुभेच्छा आहे, पूजा नाही. घ्यावा आणि द्यावा. नाताळात आपण करंज्या आणि केक शेजारी पाठवतो तेव्हा ते कुठे विचारतात की यावर प्रार्थना केली का?

कारखान्यात खंडेनवमीला यंत्राची पूजा असते. नारळ फोडायची पाळी आपल्यावर येणार असेल तर आदल्या आठवड्यात सुपरवायझरला शांतपणे सांगावे. ऐनवेळी सगळ्यांसमोर हात मागे घेतला की तो अपमान वाटतो, आणि भांडण धर्माचे न राहता माणसाचे होते. त्याऐवजी यंत्र उघडून पुसण्याचे, तेलपाणी करण्याचे काम मागून घ्यावे, कारण त्या दिवसाचा खरा उपयोगाचा भाग तोच. वर्गणी ऐच्छिक असते. ती मूर्तीसाठी द्यायची नसेल तर मंडळाच्या रक्तदान शिबिराला किंवा पाण्याच्या टाकीला द्यावी आणि पावती घ्यावी. काहीच न देणे आणि वर्षभर मंडळाचाच दिवा वापरणे, हा वेगळेपणा नाही, कंजूसपणा आहे. जुन्या करारातल्या नामान या परक्या सेनापतीने अलीशा संदेष्ट्याला विचारले होते की धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याचे काय? अलीशाचे उत्तर दोन शब्दांचे: शांतीने जा. चाकरीतल्या माणसाची अडचण त्या संदेष्ट्याला कळत होती.

राहिली जात. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी अहमदनगर जिल्ह्यात वाढली ती मुख्यतः महार समाजातून आलेल्या लोकांनी. मातंग समाजातून आलेल्यांना त्यांच्याच बाकावर जागा मिळायला वेळ लागला, आणि सोयरिकीच्या बाबतीत ती रेघ अजून पुसलेली नाही. धर्मांतराने जात जात नाही, हे डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजाबद्दल लिहून ठेवले होते. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधला भेदभाव उघडपणे मान्य केला. कबुलीला उशीर झाला, पण झाली हे बरे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तशी कबुली आपापल्या भागापुरती तरी द्यावी.

इथे 'वेगळे होणे' या शब्दाचीच परीक्षा होते. 'परूशी' हा येशूच्या काळचा कडवा यहुदी पंथ; त्या शब्दाचा अर्थच 'वेगळे केलेला' असा लावला जातो. गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून माणसे आल्यावर तो माघार घेऊन वेगळा राहू लागला, आणि पौलाने सगळ्यांदेखत त्याला दोषी ठरवले. त्या पंगतीतून वेगळे होणे, हेच तिथे पाप होते.

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप असा की पाळकाने सातबारा, कर्ज आणि सोयरिकीत नाक खुपसले तर मंडळी रिकामी होईल. काही बाके रिकामी होतील, हे खरेच. ज्यांचे भागले आहे ते उठून दुसऱ्या चर्चला जातील, आणि शहरात दुसरे चर्च दोन चौक पलीकडे असतेच. म्हणून हे एका पाळकावर सोडून चालणार नाही. मंडळीच्या कारभारी समितीने ठराव करून नियम सर्वांना सारखा लावावा, समितीच्या सभासदांपासून सुरुवात करून. सुरुवात लहान ठेवावी. घरात मृत्यू झाला की पाळक भेटीला जातोच. पहिल्या भेटीत फक्त प्रार्थना. महिन्याभराने दुसऱ्या भेटीत एक प्रश्न: वारसनोंदीचा अर्ज कोण करणार? तलाठ्याकडे देण्याआधी त्या अर्जाची एक प्रत समितीतल्या दोघांनी वाचावी, त्यांत एक बाई असावी. मृत्युदाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र लावलेले आहे ना ते पाहावे. विधवेचे नाव पहिले. मुलींची नावे माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांनी, सध्याच्या पूर्ण पत्त्यासह आणि मोबाईल क्रमांकासह लिहावीत, भावाच्या पत्त्यावर नव्हे. फेरफाराची नोटीस निघते तेव्हा हरकतीला पंधराच दिवस असतात, आणि बहिणीची नोटीस भावाच्या दारात पडली तर ते पंधरा दिवस तिच्या नकळत सरतात.